कुरुंद्याची हळद आणि माझे चार दात

हसताना ज्यांचा हात आपोआप तोंडावर जातो, त्यांच्यासाठी हे लिहून राहिलो. मी डॉक्टर नाही. मी कुरुंद्याचा दिगंबर, हळदीचा शेतकरी, अन् हिवाळ्यात गावोगावच्या कबड्डी सामन्यांचा समालोचक. लोक मला शेतापेक्षा माईकवरूनच जास्त ओळखतात. आधीच सांगून टाकतो, दात बसले! चारही बसले, पक्के बसले, काल मी त्यांनी ऊस सोलला. माझ्या दाताच्या डॉक्टर मॅडमला सांगू नका.

पण मधे एक चूक झाली, अन् त्या चुकीपेक्षा वाईट असं एक काम मी केलं. तेही इथं सांगणार आहे. नाहीतर ह्या लिहिण्याला काही अर्थ नाही.

गोरेगावची चढाई

गेल्या वर्षी जानेवारीत आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला सामने होते. अंतिम सामना, शेवटची दोन मिनिटं, दोन्ही संघ बराबरीत. गोरेगावचा गडी चढाईला गेला, एकाला स्पर्श केला अन् माघारी फिरला. अशा वेळी मला खुर्चीवर बसवत नाही. मी उभा राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडलो, "स्पर्श झाला, स्पर्श झाला, अन् हा निघाला गोरेगावचा गडी!" आणि त्या जोरात माझी कवळी तोंडातून सुटली.

ही कवळी कशी आली ते सांगतो. वीस वर्षांचा असताना कबड्डीतच एकाचा गुडघा लागून माझे वरचे पुढचे दोन दात गेले. शेजारचे दोन हलत हलत पुढच्या काही वर्षांत पडले. तेव्हापासून चार दातांची काढता-घालता येणारी कवळी. ती सुटली, टेबलावर आपटून उसळली आणि थेट मैदानात त्या गड्याच्या पायापुढं जाऊन पडली. त्यानं खाली बघितलं. गुलाबी हिरडी, त्यात चार दात. त्याचा दम तिथंच तुटला. मध्यरेषा हातभर लांब राहिली आणि पंचांची शिट्टी वाजली. गडी बाद.

गोरेगावचा कप्तान माझ्या टेबलावर हात आपटून म्हणाला, "काका, आमचा गडी त्यांच्या पकडीनं न्हाई, तुमच्या दातानं बाद झाला! पंच, ही चढाई पुन्हा घ्या!"

समालोचकाच्या दातांबद्दल नियमांत काही लिहिलेलं नाही. निर्णय कायम राहिला, गोरेगाव हरलं. मी कवळी रुमालात गुंडाळून जीपमधे बसलो. मी घरी पोचायच्या आधी व्हिडिओ पोचला होता.

माझी बायको अनसूया चहा घेऊन आली ती पदर तोंडाला लावूनच. खूप हसली. मग माझं तोंड बघून थांबली.

"काहून एवढं मनाला लावून घेता?"

"पुढच्या साली आपल्या कुरुंद्यात सामने हायत," मी म्हणलं. "समितीवाल्यांचा फोन आला होता. दिगूभाऊ, म्हणे, पक्के दात बसवले तर माईक तुमचा. न्हाईतर दुसरा माणूस बघतो."

आपल्याच गावात सामने आणि मी प्रेक्षकात बसून टाळ्या वाजवायच्या! त्या दिवशी मला चहा गेला नाही.

हाडच उरलं नाही

वसमतला दाताच्या एक डॉक्टर मॅडम आहेत. आमची पल्लवी, जवळा बाजारला दिलेली आमची लेक, तिच्याच वयाच्या असतील. मी खुर्चीत टेकतो न टेकतो तोच म्हणलं, "मॅडम, ते स्क्रूवाले दात बसवायचेत. आज जमंल का?"

त्या हसल्या. नांदेडला पाठवून जबड्याचा मोठा फोटो काढून आणायला लावला. आठ दिवसांनी तो कॉम्प्युटरवर लावून म्हणाल्या, "काका, हे बघा. इथं काय दिसतं?"

"काहीच न्हाई."

"तेच सांगतेय. दात गेला की खालच्या हाडाला काम राहत नाही. मग ते झिजत जातं. तुमचं इतकं पातळ झालंय की त्यात स्क्रू धरणार नाही. आधी हाड भरायचं, ते जुळेपर्यंत थांबायचं. मग स्क्रू, पुन्हा थांबायचं. मग दात."

मी बोटांवर महिने मोजले. पुढच्या जानेवारीपर्यंत कसंबसं जमत होतं. "नक्की बसंल ना?"

"सगळं नीट झालं तर. मी शंभर टक्के कुणालाच सांगत नाही. नाही जुळलं तर पुन्हा प्रयत्न करायचा, नाहीतर आहे ती कवळी."

भीती वाटलीच. पण खरं सांगू का, त्या भीतीच्या शेजारीच एक आनंदही होता. तीस वर्षं मला वाटत आलं होतं की गेलेलं गेलं. आणि ही मुलगी सांगत होती की नवं हाड धरू शकतं!

दोन अटी घातल्या. रक्तातली साखर तपासायची, ती बरी निघाली. आणि तंबाखू बंद. चुन्याची डबी मी तिथंच मॅडमच्या टेबलावर ठेवली. पहिला महिना जीव नकोसा झाला होता, ते खोटं कशाला बोलू. खर्चाचं इथं लिहीत नाही. ज्याचं तोंड, त्याचा हिशोब.

कोणाचं हाड?

घरी आल्यावर मी अनसूयेला सगळं समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "हाड भरणार, पण कोणाचं?"

हे मला सुचलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेला तीही सोबत आली आणि मॅडमला तिनंच विचारलं. मॅडमनं काही लपवलं नाही. म्हणाल्या, तयार पूड मिळते, त्यातली पुष्कळशी गायीच्या हाडापासून शुद्ध करून बनवतात. अनसूयेनं कानाला हात लावला. वसुबारसेला आम्ही जिच्या पाया पडतो तिचं हाड तोंडात घेऊन माईकवर बोलायचं, हे मलाही झेपेना.

मॅडमला ह्याची सवय असावी. "मग तुमचंच घेऊ," त्या म्हणाल्या. "खालच्या अक्कलदाढेच्या मागं चांगलं हाड आहे. तिथनं थोडं काढून पुढं लावते. फक्त दोन ठिकाणी दुखंल."

"म्हणजे कोपऱ्यातला गडी मधे आणायचा!" मी म्हणलं. मॅडमला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, पण अनसूया हसली.

खुर्चीत

भीती वाटणाऱ्यांना सांगतो, इंजेक्शन टोचतं तेवढंच. त्यानंतर दुखत नाही, पण आवाज येतो. आपल्याच हाडावर यंत्र फिरतंय, तो आवाज कानातून नाही, डोक्याच्या आतून येतो. मी डोळे मिटून मनातल्या मनात सामना लावला. पहिली चढाई, दुसरी चढाई, बोनस. मध्यंतराला मॅडम म्हणाल्या, "झालं, टाके घालतेय."

एक कागद हातात दिला. जखमेला जीभ, बोट काही लावायचं नाही. जोरात थुंकायचं नाही. औषधं वेळेवर. काही वाटलं तर फोन करायचा.

अनसूयेनं ज्वारीची आंबील केली, गार करून वाटीत घातली आणि चमच्यानं पाजली. मी बोलू शकत नव्हतो म्हणून ती दिवसभर बोलत राहिली. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच घडलं. मला ते फार आवडलं.

चिमूटभर

तो शिमग्याच्या आधीचा काळ. हळद काढून, शिजवून आंगणभर वाळत घातलेली. सगळ्या घराला तिचा वास. आमच्याकडं विळा लागला की हळद, पायात काटा मोडला की हळद, बैलाचा खांदा सोलपटला तरी हळद. माझ्या बापानं कुठल्या जखमेवर दुसरं काही लावल्याचं मी बघितलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं. तशी सूज येणार, हे मॅडमनं सांगितलेलं होतं. पण आरशात ओठ बघून मी घाबरलो आणि स्वयंपाकघरात जाऊन हळदीचा डबा उघडला.

अनसूया म्हणली, "अहो, मॅडमला फोन करून विचारा आधी."

"मॅडमला काय विचारायचं? घरच्या रानातली हळद हाय. हिच्यानं कोणाचं वाईट झालंय का आजवर?"

चिमूटभर घेतली आणि ओठ वर करून टाक्यांवर दाबून बसवली. दुपारी पुन्हा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तीन दिवस मी हे केलं, आणि तीनही दिवस ती दारात उभी राहून "नका हो" म्हणत होती.

आठव्या दिवशी तोंडाला घाण चव आली. चूळ भरली तर पाण्यात रव्यासारखे कण पडले. ते माझं हाड होतं.

"कोणी लावली?"

मॅडमनं ओठ उचलला आणि हात थांबला. "काका, हे पिवळं काय आहे?"

मी नजर वरच्या दिव्याकडं वळवली.

"हळद? जखमेत? कोणी लावली?"

आता ऐका. मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. हजार माणसांपुढं पंचांची चूक दाखवायला मी कधी घाबरलो नाही. त्या खुर्चीत लेकीच्या वयाच्या डॉक्टरपुढं मला इतकी लाज वाटली की मी म्हणलं, "घरी... बायकोनं लावली."

मॅडमनं अनसूयेला बाहेरून आत बोलावलं. "काकू, कागदावर लिहून दिलं होतं ना मी? जखम उघडलीय, पू झालाय, निम्मं हाड वाया गेलं. हळद खायला चांगली असेल, पण टाक्यांत भरायची वस्तू नाही ती."

अनसूयेनं माझ्याकडं बघितलं. एकदाच. मग मॅडमकडं तोंड करून म्हणली, "चुकलं मॅडम. माझ्या हातानं झालं."

मॅडमनं जखम धुतली, औषधं बदलली. उरलेलं हाड धरतं का ते चार महिन्यांनी कळेल, म्हणाल्या. घरी जाताना जीपमधे अनसूया बाहेर बघत बसली. 

सांजच्याला पल्लवीचा फोन आला. दुपारीच तिलाही मी तेच खोटं कळवलं होतं. स्पीकर चालू होता. "आई, तुला कितीदा सांगितलं, ऊठसूट सगळ्याला हळद लावत जाऊ नको म्हणून! बाबाचा माईक गेला आता तुझ्यापायी."

"व्हय बाई," अनसूया म्हणली आणि चुलीकडं वळली.

मी बाजेवर बर्फाची पिशवी गालाला लावून बसलो होतो. तोंड दुखत होतं हे खरं. पण एक वाक्य बोलता येऊ नये इतकं नव्हतं दुखत.

पांढरं वरण

दुसऱ्या दिवशी ताटात वरण आलं ते पांढरंफटक. भाजीही तशीच, बिनहळदीची.

"हे काय गं?"

"मॅडमनं सांगितलंय, तुमच्या तोंडाला हळद लागू द्यायची न्हाई."

"अगं, जखमेत भरायची न्हाई म्हणल्या त्या. खायची म्हणाल्याच की, चांगली असती म्हणून."

"मला कुठं तेवढं कळतंय?" ती ताट सरकवत म्हणली. "मीच तर भरली होती, न्हाई का?"

घास तोंडातच फिरत राहिला. आंगणात हळदीचा ढीग, आणि मी त्याच्या शेजारी बसून पांढरं वरण खाऊन राहिलो. तिचं स्वतःचं वरण पिवळं असायचं. एकाच घरात दोन पातेली. भांडण नाही, आदळआपट नाही, औषधं वेळेवर हातात. फक्त वरण पांढरं. रोज वाटायचं, आज बोलू. रोज ताट समोर आलं की तोंड बंद व्हायचं.

निम्मं धरलं!

आषाढात पुन्हा नांदेडचा फोटो. मॅडम कॉम्प्युटरकडं बघत इतका वेळ बसल्या की मी खुर्चीचा हात धरून ठेवला. मग म्हणाल्या, "काका, उरलेलं हाड धरलंय. मला वाटलं होतं त्यापेक्षा चांगलं. आणखी थोडं लागंल, पण तेवढ्याला कारखान्यात बनलेली पूड पुरे. कोणत्या प्राण्याची नाही. स्क्रू आत्ताच बसवू."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या! भरल्या मैदानात शेवटच्या चढाईला गडी परत यावा तसं झालं. दोन स्क्रू, त्यांवर पुढं चार दात, असा बेत होता. यंत्राचा आवाज पुन्हा डोक्यातून आला, पण ह्यावेळी मी भ्यालो नाही. शेवटी मॅडमनं हातानं एक चावी फिरवून घट्ट केलं आणि म्हणाल्या, "पकड मजबूत आहे."

इतक्या वर्षांत "पकड मजबूत" हे मी माईकवर कितीदा ओरडलो असेन. माझ्याबद्दल पहिल्यांदाच कोणी म्हणलं.

टाके काढायला गेलो तेव्हा बाहेर बाकावर तांड्यावरची एक म्हातारी बसली होती. तिलाही असेच दात बसवायचे होते, पोरानं हट्ट धरला म्हणे. मला विचारलं, "बाबा, लई दुखतं का?"

मी तिला सगळं सांगितलं. इंजेक्शन, आवाज, आंबील. आणि सांगितलं, "मावशी, जखमेत हळद भरू नका. माझं निम्मं हाड गेलं त्यानं."

"कोणी भरली?"

अनसूया पलीकडं मेडिकलवर औषधं घेत होती. मी म्हणलं, "मीच." किती सोपं होतं! परक्या बाईपुढं एका शब्दात निघालं.

"अन् मंग एवढं बारीक तोंड काहून करून राहिला?"

"नाव बायकोचं सांगितलं."

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मंग मला काहून सांगतो? तिला सांग," असं म्हणून ती दुसऱ्या टोकाला सरकून बसली.

नवे दात

मार्गशीर्षात दात बसले. मॅडमनं आरसा दिला. मी जीभ फिरवली, ओठ मिटले, उघडले. "फ" म्हणलं, "स" म्हणलं, "सामना सुरू" म्हणलं. हवा कुठून सुटली नाही! मी तिथंच खुर्चीत एक अख्खी चढाई म्हणून दाखवली. बाहेरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले.

अनसूया आत आली. मी दात दाखवून म्हणलं, "कसे वाटतात? अगदी पहिल्यासारखे ना?"

"मला काय माहीत," ती म्हणली. "मी आले तेव्हा कुठं होते तुमचे दात?"

खरंच की. लग्नात मी तेविसाचा होतो. ह्या बाईनं माझं धड हसू कधी बघितलेलंच नव्हतं. ती बघत राहिली आणि मग तीही हसली. घरी गेल्यावर वरण मात्र पांढरंच होतं.

माईक

समितीनं शब्द पाळला. जानेवारीत कुरुंद्याच्या मैदानावर सकाळच्या उन्हात माईक माझ्या हातात आला. एका बाजूला गोरेगावचा संघ, तोच कप्तान. मला बघून ओरडला, "काका, दात घट्ट बसवले ना?" सगळं मैदान हसलं. बायकांच्या बाजूला अनसूया आणि तिच्या शेजारी जवळा बाजारहून आलेली पल्लवी.

संघ उभे होते. पंच माझ्याकडं बघून राहिले. मी माईक तोंडाशी नेला. वर्षभर ह्याच क्षणासाठी जीव टांगणीला लागला होता. आणि तोंडातून "सामना सुरू" निघेचना. हे नवे दात, हा आवाज, सगळं त्या एका बाईच्या "चुकलं मॅडम"वर उभं होतं. तसाच सामना सुरू केला असता तर पुढं मला कधीच बोलता आलं नसतं.

"मंडळी, सामन्याआधी एक गोष्ट," मी म्हणलं. "माझे दात तुम्ही बघून राहिलात. हे बसवताना माझं निम्मं हाड गेलं होतं, कारण टाक्यांत हळद भरली होती. आपल्या गावात हे सांगणं अवघड हाय, पण टाक्यांत हळद भरू नका. दुसरं. ती हळद माझ्या बायकोनं भरली असं मी डॉक्टरला सांगितलं. घरी सांगितलं. लेकीनं आईला बोल लावले ते मी ऐकत बसलो. ते खोटं होतं. हळद मी भरली. तिनं तीन दिवस मला 'नका हो' म्हणलं होतं. अनसूया, माझं चुकलं."

बायकांच्या बाजूला पल्लवीनं आईकडं वळून बघितलं आणि तिचा हात धरला. अनसूया उठली, पदर सारखा केला आणि मैदानाबाहेर चालू लागली. गोरेगावचा कप्तान म्हणाला, "काका, आता तरी सामना सुरू करा!" मी केला. काय काय बोललो ते आठवत नाही, पण आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला म्हणे.

दुपारच्या सुट्टीत धावत घरी गेलो. पल्लवी ओट्यावर रडवेली बसली होती. अनसूया चुलीपाशी. माझ्याकडं न बघता तिनं ताट वाढलं. कडक भाकरी, कांदा, आणि वाटीत वरण. पिवळंधमक.

मी वाटी जवळ ओढली. मग म्हणलं, "मॅडमला विचारलं का?"

"ह्या घरात मॅडम मीच हाय," अनसूया म्हणली. "खा आता. दुपारचा सामना हाय ना?"

मी भाकरीचा कडक पापुद्रा पुढच्या चार दातांनी मोडला, वरणात बुडवला आणि खाल्ला.